बॉनेट गरम होतं

मी एक छोटी गाडी बोलतेय. चार दारं, पाच माणसांची जागा. पण पाचवा बारीक असेल तरच. रंग निळा, आणि डाव्या बाजूचा निळा जरा जास्तच नवा. आत्ता सकाळी सकाळी मी एका घरासमोर उभी आहे. माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारा माणूस बसलाय आणि त्याची सून फाटकाशी फोनवर फोन लावतेय. हे असं का झालं, ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण गाडीला कोण विचारतं?

माझा पहिला मालक चष्म्याचा दुकानदार. काचा पुसायच्या मऊ कापडानं तो मला पुसायचा. तेल वेळच्या वेळी, टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी. बायको म्हणायची, "माझ्याकडे इतकं बघितलं असतंत तर!" सात वर्षं मी सुखात होते. मग त्यांना जुळी मुलं झाली, मी घराला अपुरी पडले आणि विकली गेले.

दुसरा मालक औषधांचा फिरता विक्रेता. हा माणूस जन्मालाच उशिरा आला असावा. सदा घाईत. एकदा मला खांबावर घातलं, म्हणून डावीकडचा हा नवा रंग. पण खरं दुखणं वेगळं. ऐन दुपारी माझं पाणी संपलं, काटा लाल रेघेवर गेला, तरी हा म्हणत होता, "पोचू दे एकदाचं, मग बघू." पोचलो नाहीच. इंजिनातली हेड गॅस्केट नावाची पातळ पट्टी त्या दिवशी गेली. तेव्हापासून मी थंड उभी असले की आत थेंब थेंब पाणी नको तिथे झिरपतं. मग सुरू करताना मी खोकते, ढीगभर पांढरा धूर सोडते आणि मान टाकते. एकदा तापले की मात्र दिवसभर शहाण्यासारखी चालते.

त्यानं मला दुरुस्त केलं नाही, दलालाला दिलं. दलाल तर बारा गावचं पाणी प्यालेला. पाण्यात कसलंसं औषध ओतून त्यानं झिरप थोडी दाबली. इंजिन धुतलं, तेलाच्या झाकणाखालची पांढरट साय, म्हणजे तेलात पाणी गेल्याची खूण, पुसून काढली, आत अत्तर मारलं. गिऱ्हाइकाला फोनवर तो फार गोड सांगायचा, "या की! फक्त निघताना एक फोन करा, म्हणजे गाडी तयार ठेवतो." फोन आला की हा मला खटपट करून सुरू करायचा आणि अर्धा तास तापवत ठेवायचा. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे मी स्वतःच झाले होते.

एक दिवस ही दोघं आली. निघताना फोन करून, भल्या माणसांसारखी.

सून शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणारी. यादीशिवाय पाऊल न टाकणारी. सासरे तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या दोन्ही किडन्या थकल्यात. आठवड्यातून तीनदा सकाळी सहाला इस्पितळात मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी. दर वेळी कुणाच्या तरी गाडीसाठी मिनतवारी करून सून कंटाळली होती.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला बस तपासावी तशा थाटात तपासलं. टायर एकसारखे झिजलेत का ते वाकून पाहिलं. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडून पाहिलं, ब्रेक कचकन दाबला, गिअरचा आवाज डोळे मिटून ऐकला. डावं दार हातानं चाचपून म्हणाले, "इथे मार खाल्लाय पोरीनं. असो, सगळेच खातात." मला तो माणूस आवडला. आणि तरी मी मनातल्या मनात ओरडत होते, अहो, पुढे या!

सून पुढे आली. यादीतली पहिलीच ओळ वाचून तिनं बॉनेटवर तळवा ठेवला.

"बाबा, गरम आहे."

"मग? फ्रीज घ्यायला आलोय का आपण?"

"नाही, पण यादीत लिहिलंय, इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं. आपण उद्या न सांगता येऊ या का?"

"अगं, तीस वर्षं गाडी चालवलीय मी. चावी फिरवताक्षणी सुरू झाली की नाही? मग झालं तर."

तीस वर्षं चालवली खरी. पण पहाटे डेपोतली माणसं बस सुरू करून, तापवून ठेवत आणि मगच ती बाबांच्या हाती येई. थंड इंजिनाचं खोकणं त्यांच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. त्यांना हे आठवलं नाही, आणि सासऱ्यांपुढे जास्त बोलायचं नाही म्हणून सूनबाईंनी यादी पर्समध्ये ठेवली. दलालही लगेच म्हणाला, "काकांना काय सांगायचं, ताई! ते आपले गुरू." माझी मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी गत.

आणि एक कबूल करते. मला जायचंही होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर पुढचा मुक्काम भंगारातच होता.

काल संध्याकाळी मी या घरी आले. आज पहिली फेरी. साडेपाचला सूनबाईंनी चावी फिरवली. मी जीव खाऊन प्रयत्न केला, खरंच केला. खोकले, धूर सोडला, बंद पडले. चार वेळा, पाच वेळा. मग बॅटरीही उतरली, इंजिन फिरवण्याइतका जोर तिच्यात उरला नाही. बाबा खाली उतरले आणि सुजलेल्या पायांनी मला मागून ढकलायला लागले.

"बाबा, सोडा! तुम्हाला धाप लागतेय!"

"तू दुसरा गिअर टाकून बस. मी सांगेन तेव्हा क्लच सोड."

मी दोन हात पुढे सरकले आणि थांबले. त्यांना तिनं धरून आत बसवलं.

आता ती एकेकाला फोन करतेय. कुणी उचलत नाही. इस्पितळात अर्धा तास वाट पाहतात, मग मशीन दुसऱ्या पेशंटला देतात, आणि बाबांना आत्ताच दम लागलाय. ते मला शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझा काय दोष गं. माझ्या सुनेला कळत होतं. मीच ऐकलं नाही."

तुम्ही कधी माझ्यासारखी जुनी गाडी बघायला जाल, तर कृपा करून न सांगता जा. आम्हाला बोलता येत नाही हो.

माझ्या डॅशबोर्डवर एक घड्याळ आहे. बाबा त्याच्याकडेच बघतायत. सहा अठ्ठावीस झालेत. तेवढं मात्र माझं अचूक चालतं.