दहा मिनिटं उभी

माझं बीपी आजवर सतरा वेळा मोजलं गेलं आणि सतराही वेळा उत्तम निघालं. निघणारच. मी उभी असताना कोसळते. मग लोक मला आडवं करतात, नाकाला कांदा लावतात, तळपाय चोळतात आणि पंधरा मिनिटांनी कंपाउंडर येऊन दंडाला पट्टा बांधतो. तोवर मी चांगली बोलत असते. "एकशेदहा-सत्तर. काही नाही, अभ्यासाचं टेन्शन." टेन्शन या शब्दानं माझं डोकं फिरतं.

मी सुकन्या. गाव लोह्याजवळ, शिक्षण नांदेडला, नर्सिंगचं तिसरं वर्ष. वॉर्डात दोन महिन्यांत चारदा पडले, तेव्हा प्राचार्या सौदामिनी मॅडमनी सोमवारपर्यंत मुदत दिली. आजाराचं नाव लिहिलेला कागद आण, नाहीतर नाव काढून घरी जा. घरी आत्यानं चाकूरचं स्थळ काढूनच ठेवलं होतं.

शनिवारी बाबा आले आणि मला डॉक्टर रेणुकादासांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी स्टुलावर बसवलं, पट्टा बांधला, सोडला. "एकशेबारा-चौऱ्याहत्तर. पोरगी ठणठणीत आहे."

बाबांचा चेहरा उतरला. "मंग चल गावाकडं. लोकं काय काय बोलायलेत, तुला काय सांगू."

"थांबा बाबा. सर, मी पडते उभी असताना. बसवून काय सापडणार? आधी आडवी करून मोजा, मग दहा मिनिटं उभी ठेवून."

"बाहेर तीस पेशंट बसलेत."

"मग पट्टा द्या. माझं मी मोजते. तीन वर्षं दुसऱ्यांचं तेच करतेय."

डॉक्टर चिडले, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी कॉटकडे बोट केलं. आडवी असताना एकशेदहा-सत्तर, नाडी शहात्तर. मग मी उठले आणि भिंतीला न टेकता उभी राहिले.

त्यांनी पट्टा बांधला, पण हात तसाच लोंबत ठेवला.

"हात खाली सोडला तर आकडा चुकीचा येतो, सर. छातीच्या पातळीवर टेकलेला हवा."

टेकवायला तिथं काहीच नव्हतं. बाबा पुढे आले आणि माझं कोपर त्यांनी तळव्यावर तोलून धरलं. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या मिनिटाला एकशेबारा-अठ्ठ्याहत्तर. पाचव्याला एकशेआठ-शहात्तर. डॉक्टर म्हणाले, "बीपी कुठं पडतंय?"

"पडत नसेल, तर नाडी बघा ना!"

त्यांनी मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एकशेअठरा. मग ते तीस पेशंटांबद्दल बोलले नाहीत.

आठव्या मिनिटाला घाम फुटला. पावलं जांभळट पडली, डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरांनी स्टूल सरकवलं. "बस बाई, पुरे."

"नाही."

"हट्टी आहेस."

"हो, आहे." मला रडू येत होतं, आणि ते भीतीचं नव्हतं. सतरा वेळा जो तो मला खोटी ठरवून गेला होता, त्याचा संताप होता तो.

बाबा म्हणाले, "डॉक्टर सायब, दोनच मिन्टं ऱ्हायलीत न्हवं? ऱ्हाऊ द्या तिला उभी. म्या धरलंय."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा हात भरून आला होता, पण कोपर बोटभरही खाली गेलं नाही.

दहावं मिनिट. बीपी एकशेदहा-अठ्ठ्याहत्तर, नाडी एकशेअठ्ठावीस. मी धपकन बसले. डॉक्टरांनी तिथंच ईसीजी काढला, रक्त तपासायला पाठवलं आणि रविवारी रिपोर्ट बघून कागद केला. दोन्ही वेळचे आकडे, खाली आजाराचं नाव: पॉट्स. उभं राहिलं की नाडी सुसाट सुटते आणि बीपी जागचं हलत नाही.

"अजून एक ओळ लिहा, सर," मी म्हटलं. "शिक्षण चालू ठेवावं. जमेल ते काम बसून करू द्यावं."

त्यांनी लिहिलं.

सोमवारी सौदामिनी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्यांच्यापुढे विद्यार्थिनींनी उभंच राहायचं, असा कॉलेजचा रिवाज. मी खुर्ची ओढली आणि न विचारता बसले. मॅडमच्या भुवया वर गेल्या. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"आधी वाचा," मी म्हटलं. "मग मला उठवा."