दुपारी सुधारणारं इंटरनेट

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. आमच्या घरात चौघांचं भरलं, आणि चांगलं भरलं. दातांच्या डॉक्टरांसाठी कॅपा, ब्रिज आणि कवळ्या बनवण्याची आमची लॅब आहे. पूर्वी मी बनवायचो. आता थोरली मुलगी बनवते आणि मी चुका काढतो. मी मेणाचा दात सुरीनं कोरायचो. ती पडद्यावर कोरते, आणि कपाटाएवढं यंत्र पांढऱ्या ठोकळ्यातून तो कापून देतं. सुरुवातीला मी नाक मुरडलं होतं. मग तिची एक दाढ भिंगाखाली धरून पाहिली, खोट काही सापडेना, तेव्हा भिंग ठेवून दिलं.

या नव्या पद्धतीत सगळा कारभार इंटरनेटवर. डॉक्टर तोंडाचं स्कॅन पाठवतात, थोरली दात रचते आणि रुग्ण खुर्चीत असतानाच डॉक्टरांना आपल्या पडद्यावरून दाखवते: इथे उंच वाटतो का, शेजारच्याला टेकतो का. डॉक्टर हो म्हणाले की यंत्र सुरू. झकास चाललं होतं. पण यंदा त्या इंटरनेटला काय धाड भरली कोण जाणे. दाढ फिरता फिरता मध्येच थिजायची, थोरलीचा आवाज तुटायचा आणि बिचारा रुग्ण तिकडे आ वासून बसलेला. जुने डॉक्टर एकेक करून दुसरीकडे वळायला लागले.

इंटरनेट कंपनीशी भांडून मी घसा बसवून घेतला. त्यांचा माणूस आला तो दुपारच्या जेवणानंतर. त्यानं भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याला लॅपटॉप जोडला, वेग मोजला, सगळं उत्तम आहे म्हणाला आणि गेला. संध्याकाळी पुन्हा तेच रडगाणं. मग मी सगळ्यात मोठा प्लॅन घेतला आणि ऐटीत चार लोकांना सांगितलंही. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. काडीचाही फरक पडला नाही.

त्यातच शहरातल्या सगळ्यात मोठ्या दवाखान्याकडून विचारणा आली. त्यांच्या मुख्य डॉक्टरीणबाईंची अट एकच: गुरुवारी सकाळी आमचा रुग्ण खुर्चीत असेल, त्याचा ब्रिज आमच्या डोळ्यांदेखत, कुठेही न अडता रचून दाखवा. थोरली प्लास्टरचा साचा घासत होती. मान वर न करता म्हणाली की हे काम मिळालं तर लॅब टिकेल; नाही तर पलीकडच्या मोठ्या लॅबवाल्यांना विकून त्यांच्याकडेच नोकरी धरीन.

थोरलीनं मला न विचारता धाकटीला बोलावलं. धाकटी दुसऱ्या गावी असते. कंपन्यांच्या ऑफिसांतली नेटवर्क बसवते आणि बिघडली की नीट करते. तिला दात लहानपणापासून नकोसे. मी तिला चिडवायला ‘वायरमन’ म्हणतो. आधीच का नाही बोलावलं, असं विचाराल, तर मी तिचा बाप आहे. पोरीपुढे ‘माझं अडलंय’ म्हणायला जीभ रेटत नव्हती.

ती आली आणि तिनं काहीच दुरुस्त केलं नाही, याचा मला भयंकर राग आला. ती नुसती सगळ्यांना विचारत सुटली, नक्की काय अडतं, कुणाचं, केव्हा. मग लॅपटॉप जोडून दुसरा अख्खा दिवस वेग मोजत ठेवला. दिवस संपल्यावर तिनं पडद्यावरची रेघ दाखवली. सकाळपासून रेघ तळाशी लोळत होती. दुपारी जेवणानंतर ती ताठ उभी राहिली, चहाच्या वेळेला पुन्हा कोसळली. रात्री जेवणं झाल्यावर परत ताठ.

“बाबा, दुपारी जेवून आपल्याकडे कोण झोपतं?” तिनं विचारलं.

मी चिडलो. भर कामात झोपणाऱ्यातला वाटलो का मी हिला? ती हसली आणि म्हणाली की अडतंय ते तुमच्याकडे येणारं इंटरनेट नाही, तुमच्याकडून बाहेर जाणारं. दोन्हींचे नळ वेगळे असतात. बाहेर जायचा नळ मुळातच बारीक, आणि मोठ्या प्लॅनमध्ये रुंद झाला तो येणारा. त्या बारीक नळातून दिवसभर कुणीतरी भरमसाट पाणी ओढतंय.

बुधवारी सकाळी तिनं एकेक वायर काढून बघायला सुरुवात केली. थोरलीचा संगणक काढला, फरक नाही. यंत्राची वायर काढली, तरी रेघ तळाशीच. मग कॅमेऱ्यांच्या डब्याची वायर ओढली आणि रेघ टुणकन वर उडाली. त्याच क्षणी माझा फोन वाजला. घरून बायकोचा होता.

“अहो, तुम्ही सगळे कुठे गेलात? टीव्ही काळा झाला माझा.”

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

त्याचं असं आहे. महागडं यंत्र आलं तेव्हा आम्ही लॅबभर कॅमेरे लावले. थोरलीनं ते आईला घरच्या टीव्हीवर दिसतील अशी सोय करून दिली. बायको पूर्वी माझ्या शेजारी बसून साचे ओतायची. हिच्या प्लास्टरमध्ये कधी एक बुडबुडा सापडला नाही. गुडघे गेले आणि लॅबचा जिना बंद झाला. आता ही सकाळी टीव्ही लावायची, एकूणएक कॅमेरे, चित्र अगदी स्वच्छ, आणि भाजी निवडत आम्हाला बघायची. दुपारी झोपताना तेवढा बंद. शिवाय पोरीचं कौतुक एकटीनं किती बघायचं, म्हणून पासवर्ड बहिणीला दिला, माझ्याही बहिणीला दिला. तीन घरांत दिवसभर आमची लॅब चालू! ही दुपारी दमून आडवी झाली की फोनवर बोलायला कुणी नाही, म्हणून त्याही आडव्या व्हायच्या. काखेत कळसा आणि मी कंपनीच्या नावानं गावभर वळसा घालत होतो.

मी म्हणालो, फेकून दे ते कॅमेरे.

“आई बघते त्यात काय चुकलं?” धाकटी म्हणाली. “ज्यानं हे बसवलं त्यानं कामाला आणि कॅमेऱ्याला एकाच रांगेत उभं केलंय. रांग मी लावते.”

तिनं कॅमेऱ्यांचं बाहेर जाणारं चित्र लहान केलं. पासवर्ड बदलला, मावशी आणि आत्या अजून रुसून आहेत. मग भिंतीवरच्या डब्याला सांगून ठेवलं की थोरलीच्या संगणकाला आधी वाट द्यायची, उरेल त्यात कॅमेरे. शेवटी आईला टीव्ही लावायला सांगितलं आणि थोरलीला दाढ फिरवायला. दाढ लोण्यासारखी फिरली. धाकटी म्हणाली, उद्याही टीव्ही खुशाल चालू राहू दे, काही अडणार नाही.

गुरुवारी डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या, त्यांच्यामागे रुग्ण आ करून. थोरलीनं ब्रिज रचायला घेतला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्याची लॅब, आणि भिस्त त्या बारीक नळावर. मी हळूच जिन्यात सटकलो आणि घरी फोन लावला. कुजबुजत म्हणालो, आजच्या दिवस तेवढा टीव्ही बंद कर. ही म्हणाली, “बरं.” माझा जीव भांड्यात पडला.

आत आलो तर बाई ब्रिज उलटसुलट फिरवून मागत होत्या. थोरलीनं फिरवला. त्या म्हणाल्या, मागच्या दाढेची एक कड जास्त भरतेय. थोरलीनं त्यांच्यासमोर ती उतरवली. कुठे चित्र थिजलं नाही, की एक शब्द तुटला नाही. बाई म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यापासून आमचं सगळं काम तुमच्याकडे पाठवते.”

थोरली खुर्चीत मागे रेलली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा, आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, काम मिळालं, लाव आता तुझा टीव्ही.

“लावायला बंद कुठे केला होता?” ही म्हणाली.

“अगं, बरं म्हणालीस ना मला?”

“तुमचा जीव शांत व्हावा म्हणून म्हणाले. पोरीनं सांगितलं होतं चालेल म्हणून. तिनं सांगितल्यावर मी कशाला बंद करू? आणि जिन्यात लपून काय बोलता? तिथेही कॅमेरा आहे.”

धाकटी वायर गुंडाळत होती, ती थांबली. तिनं फोन माझ्या हातातून घेतला.

“आई, खरंच चालू होता? सगळे कॅमेरे?”

“सगळे. तुझी पाठ दिसत होती मला. केवढी वाकून बसली होतीस. ताठ बस जरा, वाकायचं काय कारण आहे तुला?”

धाकटीनं पाठ ताठ केली. थोरलीनं उठून तिला मिठी मारली. आमच्या लॅबमध्ये कॅमेऱ्याला न दिसणारा एकच कोपरा आहे, प्लास्टरच्या पोत्यांमागे. मी तिथे जाऊन डोळे पुसले.