दोन गाठींचा एक्स-रे

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, संगमेश्वरजवळच्या एका मंगल कार्यालयात, प्रेमलाबाईंच्या छातीतला क्षयाचा डाग नाहीसा झाला. साक्षीला साठेक माणसं होती.

त्याआधी तेजोनाथ महाराजांनी त्यांचा एक्स-रे उजेडाकडे धरला होता. उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, पांढुरका डाग सगळ्यांना दिसला. शिष्याने मोबाइलवर फोटो काढला, महाराजांनी त्यावर मोरपीस फिरवलं.

"डाग म्हणजे काय? अडलेला प्रकाश! मी फक्त त्याला वाट करून देतो."

मग मोबाइल पडद्यामागे समाधीत गेला. वीस मिनिटांनी समाधी उतरली, तेव्हा प्रिंटरसारखी घरघर ऐकू आली. चकचकीत कागदावर छाती धुतल्यासारखी स्वच्छ होती.

"आता गोळ्या?" गर्दीतल्या महिपतने विचारलं. त्याच्या काखेत बायकोचा एक्स-रे होता.

"सूर्य गोळ्या घेतो काय रे?"

टाळ्या पडल्या. प्रेमलाबाईंनी त्याच दिवसापासून गोळ्या बंद केल्या. सहा महिन्यांच्या औषधातले दोनच महिने झाले होते.

सून रसिका रोज पाकीट पुढे करी.

"डाग गेला गो. फोटूत दिसतो काय तुला?"

दिसत नव्हता. रसिकाचा नवरा राकेश मुंबईला, त्याला फोन केला तर तो म्हणाला, "आईला बरं वाटतंय ना? मग कशाला वाद?"

रसिका देवरूखला फोटो एडिटिंग शिकत होती. पुढेमागे लग्नपत्रिका, बॅनर करायचा तिचा बेत होता. शनिवारी तिसरा धडा होता. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याचा फोटो, उजवीकडे कचऱ्याचा ढीग. डावीकडची स्वच्छ वाळू निवडायची, कॉपी करायची, आरशासारखी उलटी करून ढिगावर ठेवायची. रसिकाने तसं केलं. ढीग गेला. पण डावीकडे एक कावळा होता. आता दोन कावळे चोचीला चोच लावून बसले.

शिकवणाऱ्या अक्षया मॅडम हसल्या. "नक्कल करताना नको ते पाहुणे पण सोबत येतात हां. तेवढे शोधायचे."

घरी येऊन तिने महाराजांचा कागद आणि जुना एक्स-रे खिडकीला शेजारी शेजारी धरले. प्रेमलाबाई लहानपणी काजूच्या झाडावरून पडल्या होत्या. गळ्याचं डावं हाड मोडलं, जुळताना त्याला गाठ आली. एक्स-रेत गाठ एक होती. कागदावर दोन होत्या, समोरासमोर.

पुढच्या मंगळवारी ती सासूला घेऊन कार्यालयात गेली.

"महाराज, ही दुसरी गाठ कुठली?"

महाराजांनी कागद पाहिला. जरा जास्तच वेळ पाहिला. "ती प्रकाशाची गाठ."

"आई, हात लावून बघा."

प्रेमलाबाईंनी सगळ्यांदेखत पदर सारखा केला आणि डावीकडे बोट ठेवलं. "हितं हाय." मग उजवीकडे. बोट बराच वेळ चाचपडलं. "हितं काय नाय."

"डावीकडचा वरचा भाग उलटा करून उजवीकडे चिकटवलाय," रसिका म्हणाली. "मला तीन धड्यांत जमलं. फोटोतला डाग माऊसने जातो. छातीतला गोळ्यांनी जातो, त्यापण पुऱ्या घेतल्या तर. गेला की नाही ते डॉक्टर तपासून सांगतील. माझ्यावरपण विश्वास ठेवू नका. दोन्ही शेजारी धरा नि स्वतः बघा."

"अश्रद्धेपुढे प्रकाश थांबतो," महाराज उठले.

महिपतने पडदा ओढला. आत एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि अर्धा प्यालेला चहा होता.

"आयला, समाधीत चहापण मिळतो?" तो म्हणाला. मग बायकोचा एक्स-रे गुंडाळून दाराकडे चालू लागला. सगळेच गेले नाहीत. पंधरावीस जण बसून राहिले.

बुधवारी प्रेमलाबाई आरोग्य केंद्रात गेल्या. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, थुंकीचा नमुना तपासणीला पाठवला. आठ दिवस चुकले होते. त्याने काय बिघडलं, हे तपासणीशिवाय सांगता येणार नाही, असं ते म्हणाले.

परतताना एसटीत त्यांचा हात उजव्या खांद्याजवळच होता.

गुरुवारी खेडमध्ये महाराजांचा नवा बॅनर लागला. त्यात त्यांच्या डोक्यामागे तेजोवलय आहे.

थुंकीचा अहवाल अजून आलेला नाही.