रिकाम्या झोळीचं वजन

सुपरवायझर व्हायचं तर आम्हा नर्सेसमध्ये शेवटची परीक्षा लेखी नसते. शिकाऊ नर्सला घेऊन एका घरी जायचं, बाळाचं वजन तिला करू द्यायचं आणि आपण हात लावायचा नाही. प्रश्न विचारला तर चालतो, उत्तर सांगायचं नाही. सांगितलं की नापास, मग वर्षभर वाट बघा. ज्याने हा नियम काढला त्याला माझा स्वभाव आधीच ठाऊक असावा.

घर माझ्याच भागातलं. इथल्या बाईचं पहिलं बाळंतपण मीच केलं होतं. दार उघडताच ती म्हणाली, "ताई, तुम्हीच बघा हो. ही नवी दिसतेय."

"आज तीच बघणार," म्हणत मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. शेजारी माझी परीक्षा घ्यायला आलेल्या ट्यूटर मॅडम, तोंडाला कुलूप लावून.

पोरीने चौकटीच्या हुकाला वजनकाटा अडकवला, त्याला कापडी झोळी टांगली, बाळ आत ठेवलं आणि आकडा वाचला. "छान वाढलंय हं!" आई खुलली. मी मात्र काट्याकडेच बघत राहिले. झोळी टांगल्यावर काटा शून्यावर आणायचा असतो, तेच ही विसरली होती. झोळीचं वजन बाळाच्या नावावर जमा! बाळाच्या मांड्या तर सैल दिसत होत्या. माझे हात असे शिवशिवायला लागले की मी ते चक्क मांडीखाली दाबून धरले.

"बाळ काढल्यावर काटा कुठे थांबतो गं?" मी गोड आवाजात विचारलं. गोड आवाज मला शोभत नाही, पण असो.

तिने बाळ आईकडे दिलं, काट्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

मग ती आईसमोर खाली बसली. "माझं चुकलं. काटा शून्यावर न आणताच वजन केलं मी. झोळीचं वजन वजा केलं तर बाळ वाढलेलं नाही, उलट मागच्यापेक्षा थोडं उतरलंय. परत करते, तुम्हीही काटा बघा."

आता ही बाई हिला फाडून खाणार, असं मला वाटलं. पण दोघींनी मिळून वजन केलं आणि बाईचे डोळे भरून आले.

"नीट ओढतच नाही गं दूध. सांगणार कुणाला? ताईंची भीती वाटते, त्या ओरडतात."

मी समोरच बसले होते.

पोरीने तिला बाळाला पाजायला सांगितलं, बाळाची मान अलगद वळवून दिली, डॉक्टरांकडे कधी जायचं ते ठरवलं. "उद्या येशील ना?" बाईने तिला विचारलं.

बाहेर पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "अभिनंदन, पास झालात."

जिना उतरताना पोरीने हळूच विचारलं, "ताई, उद्या तुम्ही याल ना सोबत?"

"नाही," मी म्हणाले. "तू जा. मी असले तर ती बोलायची नाही."