आधी तुम्ही

ग्लायडर घेऊन आम्ही चौघे सकाळपासून डोंगरमाथ्यावर होतो, पण पहिली उडी कुणालाच नको होती. पहिला उडाला की वारा कसा आहे ते बाकीच्यांना आयतं कळतं. म्हणून आमच्यातला दंतवैद्य हेल्मेटचा पट्टा पाचव्यांदा घट्ट करत होता आणि दोघे भाऊ एकमेकांना अगदी प्रेमाने ‘आधी तू’ म्हणत होते.

जावयाचं उड्डाण बघायला माझ्या सासूबाई आल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका. दुपारी त्यांचा संयम संपला.

“उंचीप्रमाणे रांग करा. सगळ्यांत बुटका पुढे.”

बुटका मी.

वाऱ्यात काही दम नव्हता. तीन मिनिटांत मी पायथ्याच्या माळावर. एकट्याचंच हसं का व्हावं, म्हणून वॉकीटॉकीवर सांगितलं, “झकास वारा आहे, लवकर या.”

तिघेही आले, तेवढ्याच वेगाने, मला शिव्या देत. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. “जावईबापू, मी गाडी घेऊन खाली येते. किल्ली कुठे ठेवलीत?”

मी खिसा चाचपला. किल्ली माझ्याबरोबरच उडून आली होती.