गिऱ्हाईक बघून गेल्यावर

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून असं म्हणतात. म्हणणाऱ्याने घर कधी विकलेलं नसणार. बांधताना निदान गवंडी तरी असतो. विकताना मी एकटी आणि माझं फडकं.

"काकू, तुम्ही फक्त घर नीट ठेवा, बाकी माझ्यावर सोडा," एजंट म्हणाला होता. नीट ठेवणं म्हणजे काय ते मग कळत गेलं. नळ ठिबकतो, वायसर बदला. टाइल्सच्या फटी काळ्या पडल्या, जुन्या ब्रशने घासा आणि पांढरं सिमेंट भरा. खिडकीखालची ओल खरवडा, पुट्टी भरा, रंग मारा. आठ दिवसांत ती मेली पुन्हा फुगते, पुन्हा खरवडा. छपराच्या पन्हळीतला पाला काढा. बल्ब गेला की त्याच दिवशी नवा लावा, कारण अंधारी खोली म्हणे गिऱ्हाइकाला लहान दिसते. इतकी वर्षं दारांच्या बिजागऱ्या कुरकुरल्या, आम्ही कुरकुरू दिल्या. आता परक्यांच्या कानांना त्रास नको म्हणून मी या वयात तेलाची बाटली घेऊन घरभर फिरते.

एवढं करून गिऱ्हाईक यायचं, माझी कपाटं उघडून बघायचं, नाक मुरडून "कळवतो" म्हणायचं. कळवलं एकानेही नाही. माझ्या नाकी नऊ आले होते.

विकायची हौस नव्हती हो. दीड वर्षापूर्वी आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हॉस्पिटलातून आणलं तेव्हा चार जणांनी खुर्चीत बसवून वर नेलं, कारण संडास-बाथरूम वरच आहे. तेव्हापासून हे वरच्या खोलीत. डावा पाय सपाट जमिनीवर कसाबसा ओढतात, पण जिन्याच्या तोंडाशी आले की थिजतात. जन्मभर बसमध्ये उभ्याने तिकिटं फाडलेला माणूस, आता दिवसभर खिडकीतून समोरचं औषधाचं दुकान बघत बसायचा. दुकानात कोण किती वेळा खोकत आलं, हेसुद्धा मला सांगायचे. मला ते ऐकवत नसे.

तळमजल्यावरची दोन खोल्यांची एक जागा मी बघून ठेवली होती. दार उघडलं की रस्ता. मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. तोवर घर गेलं तर हे पुन्हा बाहेर पडणार, नाहीतर वरच राहणार, इतका साधा मामला होता.

गिऱ्हाईक येणार असलं की घराबरोबर ह्यांचीही डागडुजी करावी लागे. आजारी माणूस दिसला की लोक बिचकतात, असं एजंटचं म्हणणं. म्हणून दाढी, नखं, इस्त्रीचा शर्ट, हातात पेपर. काठी पलंगाखाली. "मलाही एकदा रंग मारून टाक," हे म्हणायचे. मला हसू यायचं नाही, पण त्यांना बरं वाटावं म्हणून हसायची.

महिना संपत आला तेव्हा एक जोडपं आलं. नवरा बोलका, बायको गप्प, डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. वरची खोली बघितली, ह्यांना नमस्कार केला, खाली आले. जिन्याच्या पायथ्याशी तो मुलगा थांबला.

"आई आमच्याकडे असते," तो म्हणाला. "वरची खोली तिला द्यायची म्हणतोय. हा जिना जरा उभा नाही वाटत?"

"छे हो, सवयीचा प्रश्न आहे," एजंट म्हणाला. "काका नाही का राहत?"

तेवढ्यात वरून आवाज आला, "थांबा, थांबा, मी येतो पोचवायला."

आणि हे जिना उतरायला लागले. उजव्या हाताने कठडा धरलेला, पाय एकेका पायरीवर ठेवत, तोंडाने पावसापाण्याच्या गप्पा चालू. धावत जाऊन धरावं तर सगळंच उघडं पडणार, म्हणून मी भिंतीला टेकून नुसती उभी राहिले. हे खाली पोचले, हसले, त्या मुलाशी हात मिळवला.

"काकांना या वयात जमतं, मग आईला का नाही जमणार?" तो खूश होऊन बायकोला म्हणाला. ती वळून जिन्याकडे बघत होती. जाताना तिने माझा फोन नंबर मागून घेतला आणि स्वतःचा दिला.

फाटक लागलं आणि हे शेवटच्या पायरीवर मटकन बसले. शर्ट घामाने भिजलेला. मी कसंबसं उठवून हॉलमधल्या खुर्चीत बसवलं.

"त्यांची आई राहणार होय वर?" त्यांनी विचारलं. "मला ते नीट ऐकू आलं नव्हतं."

"राहू दे की."

"पाय कसे आहेत तिचे?"

"मला काय ठाऊक? मी काय डॉक्टर आहे?" माझा तोल गेला. "घासून घासून माझे हात सोलवटले. कुणासाठी करते मी हे? आता कुठे एक गिऱ्हाईक गळाला लागलंय, तर तुम्हाला त्यांच्या आईचे पाय आठवतात."

हे भांडले असते तर परवडलं असतं. डावा पाय उजव्या हाताने उचलून त्यांनी सरळ केला आणि माझ्याकडे बघत राहिले. मला स्वतःचाच संताप आला. स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि त्या मुलाच्या बायकोला फोन लावला.

सगळं सांगून टाकलं. झटका, चार माणसं, दीड वर्ष. "आज उतरले ते तुमच्यासमोर लाज राखायला," म्हटलं. "तुमच्या सासूबाई एकदा वर गेल्या की खाली यायच्या नाहीत. नीट विचार करा, बाई."

मला वाटलं, झालं, संपलं.

"काकू, काकांचा पाय मी तेव्हाच बघितला होता," ती हळूच म्हणाली. "सासूबाईंना आता काही आठवत नाही. दार उघडून निघून जातात. परवा हमरस्त्यावर मधोमध सापडल्या. मी नोकरीवर, हे नोकरीवर, आणि बाई ठेवली तर ती महिनाभरसुद्धा टिकत नाही. सपाटीला चालतात, जिना मात्र त्यांना उतरवत नाही, आणि आमच्या घराला जिना नाही." मग म्हणाली, "ह्यांना जिन्याची काळजी वाटते. मला हे घर आवडलं ते जिन्यामुळेच. घर आम्ही घेतोय."

तिला दोष द्यावा असं माझ्या मनात आलं नाही. आवाजावरून कळत होतं, रात्ररात्र झोपलेली नव्हती. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

बाहेर हे वाट बघत होते. "काय म्हणाली?"

"घेतायत घर."

"सगळं सांगितलंस?"

"सगळं."

"मग वरची खोली?"

"मुलांना देणार म्हणाली. अभ्यासाला."

ह्यांचा चेहरा केवढा उजळला. "बरं झालं," म्हणाले. "मुलं दिवसभर वर-खाली पळतील बघ."

"हो, पळतील," मी म्हटलं.