सगळा रस्ता तापवायचाय का?

"अगं, दोन मिनिटं लाव ना ती खिडकी! मेणबत्ती विझतेय!" एगॉन आतून ओरडला.

"मग विझू दे. दिवसाढवळ्या कशाला हवी मेणबत्ती?" गेर्डा म्हणाली आणि पुन्हा माझ्याकडे वळली. "हां, तर काय सांगत होते? ती कोपऱ्यावरची बेकरीवाली. तिचा जावई आता म्हणे घरीच बसतो..."

मी खाली फुटपाथवर, काखेत पावाची पिशवी. गेर्डा वर खिडकीत. कट्ट्यावर तांबडी उशी, उशीवर तिची कोपरं, अर्धी घरात आणि अर्धी रस्त्यात. तिच्या पाठीमागे स्वयंपाकघरात तिचा नवरा एगॉन बादुरा पेटती मेणबत्ती घेऊन चौकटीच्या फटी शोधत होता. वारा कुठून शिरतो हे त्याला बायकोला दाखवून द्यायचं होतं, आणि बायकोने अख्खी खिडकीच सताड उघडी टाकलेली. काय डोंबल दिसणार फट!

"रेनाटे, तू तरी सांग हिला," तो मला म्हणाला. "ऑक्टोबर लागला. आपल्याला सगळा रस्ता तापवायचाय का?"

हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. एगॉन जन्मभर आमच्या शाळेचा केअरटेकर होता. शाळा सुटली की तो वर्गावर्गांत फिरून पोरांनी उघड्या टाकलेल्या खिडक्या लावायचा आणि रिकाम्या बाकांना विचारायचा, "सगळा रस्ता तापवायचाय का?" दार सारखं उघडायला नको म्हणून मास्तर लोक दाराखाली लाकडी पाचर ठोकून ठेवत. ती दिसली की एगॉन जप्त करायचा. हेडमास्तरांचीसुद्धा सोडली नाही. निवृत्त झाला तेव्हा शाळेने त्याला घड्याळ दिलं. त्याने स्वतः मात्र जप्त केलेल्या पाचरींचं खोकं घरी आणलं. ते आणि पोरांनी नावं कोरलेला एक जुना बाक अजून त्याच्या मागच्या शेडमध्ये आहेत.

आमची ही हेर्ने शहरातली खाणकामगारांची वसाहत. चालू खाणीच्या काळात घराघराला कोळसा फुकट मिळायचा, तेव्हा फटींची फिकीर कोणाला? शेगडी लाल करायची आणि खिडकी उघडून बसायचं. पाळीवरून पुरुष परतायचे तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत एक उशी आणि उशीवर एक बाई असायची. पुढे खाण बंद झाली, कोळसा गेला, गॅस आला. उश्याही एकेक करून आत गेल्या. बायका टीव्हीसमोर बसू लागल्या. राहिली एकटी गेर्डा.

आणि तिला राहणं भागच होतं. गुडघे गेलेले. घराच्या दोन पायऱ्या उतरायला तिला एगॉनचा खांदा लागे. त्यामुळे गल्लीच तिच्याकडे यायची. शेजारपाजारच्या किल्ल्या तिच्याकडे, पोस्टमनची पार्सलं तिच्याकडे, कोणाचं मांजर हरवलं तर पहिली चौकशी तिच्याकडे. माझा नवरा वारला त्या वर्षी मी दिवसभरात फक्त तिच्याशीच बोलत होते, आणि तेही फुटपाथवर उभी राहून. मी समोरच राहते. सकाळी पडदा सारला आणि ती तांबडी उशी दिसली की मला बरं वाटायचं.

मागच्या फेब्रुवारीत मात्र तिला न्यूमोनिया झाला. एगॉन रोज बसने हॉस्पिटलात जायचा. ती बरी होऊन आली त्या दिवशी त्याने ठरवलं, सगळ्या खिडक्या बदलायच्या. गॅसचं निमित्त तो जगाला सांगायचा. खरं कारण एकदा माझ्याजवळ बोलून गेला. "रेनाटे, ती खोकायला लागली की मला धडकी भरते गं."

पण खिडकी घेणं म्हणजे काय पाव घेणं आहे? अहो, पोरीचं लग्न जमवणं परवडलं. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकांची चळत साठली आणि ती दोघं कोपऱ्यात ताटल्या मांडीवर घेऊन जेवू लागली. दुहेरी काच की तिहेरी? प्लास्टिकची चौकट की लाकडाची? दोन काचांच्या मधे कुठला वायू? खिडकीतून किती ऊब बाहेर जाते तो 'यू'चा आकडा; तो जितका लहान तितकी खिडकी चांगली, एवढं एगॉनला समजलं आणि तो आकड्यांच्या मागे हात धुऊन लागला. फळवाल्याकडेसुद्धा त्याच्या तोंडी तोच आकडा.

सरकारी मदत हवी तर आधी ऊर्जा सल्लागार बोलवावा लागतो. तो आला, भिंती ठोकून गेला आणि म्हणाला, "खिडकी फार घट्ट बसवलीत तर ओल भिंतीत धरेल. रोज घर मोकळं हवेशीर करावं लागेल."

"म्हणजे वारा बंद करायला पैसे भरायचे आणि मग स्वतःच्या हाताने वारा आत घ्यायचा?" एगॉन भडकला.

"थोडक्यात, हो," सल्लागार म्हणाला.

एक कंपनीवाला मापं घेऊन गेला तो गेलाच. दुसऱ्याने तास खाल्ला आणि शेवटी अंगणात काचेची खोली बांधा म्हणून मागे लागला. तिसऱ्याचा फोन रोज एक बाई उचलायची आणि रोज संगीत ऐकवायची. एगॉन ते संगीत दाढी करताना गुणगुणायला लागला आणि लक्षात आल्यावर स्वतःलाच शिव्या घालायला लागला.

"तुम्ही पुरुष लोक," गेर्डा खिडकीतून मला म्हणायची, म्हणजे त्याला ऐकू जावं म्हणून मला म्हणायची, "काचेचं पण अस्सं करता जशी काही नवरीच. घे की बाबा एखादी!"

"तुला कुठली हवी ते तरी सांग!"

"मला कुठलीही चालेल. माझी खिडकी तेवढी मला राहू दे."

"तुझी तर सगळ्यात भारी असणार आहे," एगॉन म्हणाला. "बघच तू."

शेवटी थ्योने नावाचा खिडक्या बसवणारा एक शांत माणूस भेटला. मापं घेताना त्याने विचारलं होतं म्हणे, "रस्त्याकडची उघडती ठेवायची की बंद? उघडती केली तर चौकट जाड येते आणि काच कमी मिळते. कायमची बंद काच घेतली तर फटच नाही, आकडाही सगळ्यात लहान. हवेला तुमची मागची खिडकी आहेच. बाईंना विचारायचं का?"

बाई तेव्हा खिडकीत होत्या. पोस्टमनशी त्याच्या सासूच्या ऑपरेशनबद्दल बोलत होत्या.

"नको," एगॉन म्हणाला. "तिला चकित करायचंय."

हे सगळं मला नंतर त्याच्याचकडून कळलं. आधी कळलं असतं तर त्याच माहितीपत्रकांच्या चळतीने त्याचं डोकं शेकलं असतं.

खिडक्या नोव्हेंबरात यायच्या त्या जानेवारीत आल्या. काम चालू होतं तो दिवस गेर्डा माझ्या घरी होती, पायांवर घोंगडी घेऊन. मी कॉफी केली, केक कापला. माझ्या पडद्याआडून ती स्वतःच्या घराकडे बघत होती. जुनी चौकट निघाली तेव्हा भिंतीत काळं भोक पडलं. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "दात काढल्यासारखं दिसतंय."

संध्याकाळी आम्ही दोघी एकमेकींना धरून रस्ता ओलांडून गेलो. एगॉन शर्ट बदलून, केस विंचरून उभा होता. आणि खरं सांगते, काच देखणी होती. मधे दांडी नाही, कोपऱ्यात बिजागरी नाही. गल्लीचं हे टोक ते ते टोक एका नजरेत दिसत होतं. खिडकीशी त्याने तिची खुर्ची मांडली होती आणि पाठीला नवीन लोकरी शाल.

गेर्डाने तांबडी उशी कट्ट्यावर ठेवली. मग तिचा हात चौकटीवर उजवीकडे गेला. वर गेला. डावीकडे आला. पुन्हा उजवीकडे गेला.

"एगॉन, कडी कुठे आहे?"

"कडीच नाही! तीच तर गंमत आहे. उघडायचीच नाही, म्हणजे फट कुठून येणार?" त्याने खिशातून मेणबत्ती काढली, पेटवली आणि काचेला लावून धरली. ज्योत सरळ उभी होती, जरासुद्धा हलत नव्हती. "बघ! बघितलंस?"

गेर्डाने ज्योतीकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. तो लहान पोरासारखा हसत होता.

"छान आहे," ती म्हणाली.

मला तिथून निघून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काचेमागे बसलेली दिसली. मी हात केला, तिने हात केला. ती काहीतरी बोलली. मला फक्त ओठ हलताना दिसले. मी कानाला हात लावून नकारार्थी मान हलवली. ती पुन्हा बोलली, मोठ्याने असावं, कारण काचेवर वाफ धरली. मी रस्त्यात, ती काचेमागे, असे किती चाळे करायचे? मी हसले आणि बेकरीकडे गेले. बाकीच्यांचंही तेच झालं. पोस्टमन टकटक करून पुढे जायला लागला. दंतवैद्याच्या दवाखान्यात काचपेटीतल्या माशांकडे बघतात तसे लोक तिच्याकडे जाता जाता बघायचे.

आठवडाभराने ती खुर्चीत दिसेनाशी झाली.

मी तडक त्यांच्या घरी गेले. घर खरंच उबदार होतं, आणि इतकं शांत की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. गेर्डा पलीकडच्या खोलीत पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. तांबडी उशी कपाटावर ठेवलेली.

"काय रे, डोकं गहाण टाकलं होतंस का?" मी एगॉनला स्वयंपाकघरात धरला. "बायकोची खिडकी आणि उघडत नाही? एवढे महिने आकडे घोकलेस, तिला एका शब्दाने विचारलं नाहीस!"

मला वाटलं आता तो माझ्यावर ओरडेल. मला भांडायचंच होतं. तो खाली बसला.

"थ्योनेला फोन केला मी," तो म्हणाला. "अख्खी चौकट काढावी लागते. नवी यायला उन्हाळा उजाडेल म्हणतो." मग टेबलावरचे पावाचे तुकडे बोटाने गोळा करत राहिला. "तिने शिव्या दिल्या असत्या ना रेनाटे, तर बरं झालं असतं. काही बोलतच नाही. विचारलं तर म्हणते, छान ऊब आहे."

"मग उन्हाळ्यापर्यंत तिने भिंतीशी बोलायचं का?"

"मी आहे की बोलायला," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्यालाही कळलं असावं. त्याने तुकडे पुन्हा टेबलावर सोडून दिले.

मी रागातच घरी आले. राग त्याच्यावर होता, थ्योनेवर होता, त्या सल्लागारावर होता. जगात खिडकीचा आकडा काढणारी एवढी शहाणी माणसं आहेत, आणि खिडकीत कोण बसतं हे विचारणारा एक निघू नये?

त्यानंतरच्या सोमवारी कडाक्याची थंडी होती. गटाराच्या जाळीवर बर्फ धरलेला. मी पावाला निघाले आणि रस्त्यातच थांबले. बादुरांचं पुढचं दार सताड उघडं होतं. म्हटलं, अँब्युलन्स येतेय की काय!

पण उंबरठ्यात आडवा घातलेला शाळेचा तो जुना बाक होता, पोरांनी नावं कोरलेला. बाकावर तांबडी उशी, उशीवर दोन कोपरं. बाकामागे खुर्चीत बसलेल्या गेर्डाने लोकरी टोपी कानांपर्यंत ओढली होती, अंगावर एगॉनचा जाड कोट आणि मांडीवर दोन घोंगड्या. नाक लाल झालं होतं.

"काय गं रेनाटे! कुठे उलथली होतीस इतके दिवस?" तिची हाक अख्ख्या गल्लीत गेली. "तो बेकरीवालीचा जावई, अगं, अर्धंच राहिलं होतं सांगायचं..."

समोरून पोस्टमन येत होता. त्याने सायकल भिंतीला लावली, हातमोजे काढले आणि ऐकायला उभा राहिला.

तिच्या मागे स्वयंपाकघरात एगॉन उभा होता, स्वतःच्याच घरात मफलर गुंडाळून. हीटर चालू होता, आत शिरलेल्या वाऱ्याने भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. सगळी ऊब त्याच्या डोळ्यांदेखत रस्त्यावर जात होती. आता तो त्याचं वाक्य म्हणेल म्हणून मी वाट पाहत होते.

वाऱ्याने दार लोटलं गेलं आणि बाकावर आपटलं. गेर्डा दचकून मागे बघू लागली.

"तू बोल," एगॉन दाराशी येत तिला म्हणाला. खिशातून त्याने एक लाकडी पाचर काढली, कष्टाने खाली वाकला आणि ती दाराखाली सारून बुटाने दोनदा ठोकली.